वर्गणी भरली, अंक गेले



मी व्यवसायानं होमिओपॅथीचा डॉक्टर. साहित्याच्या व्यासपीठावर याचं काय काम, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींना पडला असेल. मलाही पडला होता. पण कार्यवाह म्हणाले, की यंदा कविता-कादंबरी बाजूला ठेवून वाचनाविषयी कुणी तरी बोलावं. वाचनाविषयी मी बोलू शकतो. पस्तीसहून अधिक वर्षं दवाखान्यात पेशंट नसतानाच्या वेळात मी दुसरं काही केलेलं नाही, आणि सुरुवातीला असा वेळ पुष्कळ मिळाला.

विषय जरा रूक्ष आहे. महाविद्यालयांची ग्रंथालयं ज्या संशोधन-नियतकालिकांची वर्गणी भरतात, त्यांचे जुने अंक त्यांच्या हातून निसटत चालले आहेत. मला तो कळला तो घरातूनच.

गेल्या दिवाळीनंतर माझी पुतणी निपाणीला आली होती. तंबाखूच्या शेतात आणि वखारीत राबणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर ती पीएच.डी. करते आहे. निपाणीला हा विषय काही परका नाही. एप्रिल १९८१ चा रस्ता रोको आणि त्यात झालेला गोळीबार आपल्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विसरता येणार नाही. वखारीतल्या बायकांच्या संघटनेवर छाया दातारांनी पुढं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुतणीला मात्र हवं होतं ते वैद्यकीय लिखाण. तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्या माणसाच्या कातडीतून निकोटीन अंगात जातं. मग गरगरतं, ओकाऱ्या होतात, गार घाम सुटतो. काढणीच्या दिवसांत असे पेशंट मी कितीतरी बघितले. आमच्या औषधशास्त्रात टॅबॅकम नावाचं औषध आहे, त्याची लक्षणं वाचताना त्याच मजुराचं वर्णन वाचतोय असं वाटतं. ते असो. या आजाराचा आपल्या देशात नीट अभ्यास केला तो अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी, सत्तर-ऐंशीच्या दशकांत, गुजरातच्या तंबाखू मजुरांवर. त्या काळातला एक लेख पुतणीला हवा होता.

ती म्हणाली, "आण्णा, हा लेख मी मागच्या वर्षी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बघितला होता. टिपण काढलं, पण पूर्ण उतरवून घ्यायचा राहिला. आता उघडायला गेले तर तुमच्या संस्थेला अधिकार नाही म्हणतं. लेख तर चाळीस वर्षांपूर्वीचा. एका वर्षात त्याला काय झालं?"

लेखाला काहीच झालं नव्हतं. तिच्या संस्थेनं त्या वर्षी वर्गणीचं नूतनीकरण केलं नव्हतं, एवढंच.

आता 'वर्गणी' या शब्दाकडे जरा बघू या. आपल्या घरात 'किर्लोस्कर' येत असे, 'स्त्री' येत असे. किर्लोस्करांची पहिली सायकलची दुकानदारी याच बेळगावातली, पुढं किर्लोस्करवाडी झाली आणि १९२० साली तिथून मासिक निघालं. आपल्या आजी-आजोबांनी वर्गणी भरली, अंक पोस्टानं आले, वर्षाअखेरीला कुणी ते बांधून घेतले. पुढं एखाद्या वर्षी हात आखडला आणि वर्गणी थांबली. म्हणून पोस्टमन घरात शिरून मागच्या दहा वर्षांचे अंक उचलून घेऊन गेला का? 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. मासिक बंद पडलं, अंक बंद पडले नाहीत. आज कुणाच्या माळ्यावर १९६० चा अंक असेल तर तो उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. फार तर झुरळांची लागेल.

छापील जर्नलचंही ग्रंथालयात असंच होतं. पैसे भरले त्या वर्षाचे अंक ग्रंथालयाच्या मालकीचे. बाइंडिंग करून, पाठीवर सोनेरी अक्षरात साल टाकून ते कपाटात जात. संगणकावरचं जर्नल आलं तेव्हा शब्द तोच राहिला, व्यवहार बदलला. वर्गणीच्या नावाखाली आपण भाडं भरू लागलो. भाडं थांबलं की खोली सोडायची, आणि खोलीत मागच्या वीस वर्षांचं सामान असलं तरी तेही आत ठेवून बाहेर पडायचं. याची चाहूल नव्वदच्या दशकातच लागायला हवी होती. तेव्हा लेखांच्या सूची सीडीवर येत, आणि कित्येक करारांत अट असे की नवी सीडी आली की जुनी परत करायची. आम्ही ती आनंदानं परत करत होतो. धूळ तेवढीच कमी.

'आम्ही' म्हणतो ते नुसतं बोलण्याच्या ओघात नाही. आपल्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालय समितीवर मी बाहेरचा सदस्य म्हणून काही वर्षं होतो. संस्थेचं नाव घेत नाही. चूक संस्थेची जेवढी, तेवढीच माझी. २००९ च्या सुमारास बैठकीपुढे ठराव आला. छापील जर्नल बंद करून ऑनलाइन घ्यावं, आणि जुने बांधीव खंड जागेअभावी निर्लेखित करावेत. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. खंडांना ओल येत होती, दोन कपाटांना वाळवी लागली होती, बाइंडरचं बिल दर वर्षी वाढत होतं. कॉम्प्युटर लॅबला जागा हवी होती, आणि समोर तपासणी समिती येऊ घातली होती. ग्रंथपाल बाई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "सर, उद्या ऑनलाइन बंद झालं तर?" त्यावर कुणी तरी हसून म्हणालं, की बाई, जग पुढं चाललंय. हसणाऱ्यांत मीही होतो. इतिवृत्तावर माझी सही आहे.

खंड वजनावर गेले. टेम्पो भरताना मी तिथं पोचलो आणि ग्रंथपाल बाईंना विचारून, रद्दीचे पैसे भरून, अकरा खंड घरी आणले. ते सगळे 'ब्रिटिश होमिओपॅथिक जर्नल'चे, माझ्या धंद्याचे. त्याच ढिगात व्यावसायिक आजारांवरचे खंड होते. त्यांच्याकडे मी वळूनही बघितलं नाही. निपाणीत दवाखाना, तंबाखूचे पेशंट रोज समोर, आणि तरीही नाही बघितलं. पुतणीला हवा असलेला लेख त्यांतच होता की नाही हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

बरं, वर्गणी थांबली एवढंच कारण असतं तर गोष्ट सोपी होती. मी वाचवलेल्या जर्नलचंच उदाहरण घ्या. ते १९११ पासूनचं. २००२ मध्ये त्याचं नाव बदलून 'होमिओपॅथी' झालं, एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाकडे ते पुष्कळ वर्षं होतं, आणि २०१८ पासून ते थीम या जर्मन प्रकाशकाकडे गेलं. जर्नल एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की पहिल्या घराशी केलेल्या कराराचं काय? मधल्या वर्षांचे अंक आता कोण दाखवणार, जुना की नवा? ज्या ग्रंथालयाच्या करारात याची सोय लिहिलेली असते त्याला उत्तर मिळतं. ज्याच्या नसते, तो दोन्ही दारं वाजवत बसतो. त्यात बहुतेक ठिकाणी जर्नलं सुटी घेतलीच जात नाहीत, शेकड्यांनी गठ्ठ्यात मिळतात. गठ्ठ्यातून एखादं कधी बाहेर पडलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कपाटातला खंड गेला की फटीतून पलीकडची भिंत दिसते. पडद्यावर तशी फट दिसत नाही.

आणि काही जर्नलं तर मालकासकट नाहीशी होतात. २०२० साली काही युरोपीय अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून साफ नाहीशी झालेली १७६ मुक्त नियतकालिकं त्यांना सापडली. ही फुकट वाचायला मिळणारी होती, म्हणजे पैशाचाही प्रश्न नव्हता. सांभाळणारं कुणी उरलं नाही, इतकंच. २०२४ मध्ये मार्टिन ईव्ह या इंग्रज अभ्यासकानं ७४ लाखांहून अधिक संशोधन-लेखनांची नोंद तपासली. त्यांतलं सुमारे २८ टक्के लेखन जतन करणाऱ्या मोठ्या संग्रहांपैकी एकातही सापडलं नाही.

मोठ्या विद्यापीठांना हे आधी कळलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं एल्सेव्हिअरशी दरावरून फिसकटलं. जुलैत प्रकाशकानं नव्या लेखांचा रस्ता बंद केला. पण जुन्या अंकांपैकी बहुतेक त्यांना पुढंही वाचता येत होते, कारण पैसे भरलेल्या वर्षांवरचा कायमचा हक्क त्यांनी करारात आधीच लिहून घेतला होता. दोन वर्षांनी नवा करार झाला. भांडण चालू असतानाही घरातलं धान्य शाबूत होतं, म्हणून ते भांडू शकले. आमच्या समितीत तो करार कुणी वाचला होता? मी नाही वाचला. पंचवीस पानी इंग्रजी, बारीक टाइप. औषधाच्या बाटलीवरचं लेबल न वाचता गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल?

आपल्या सीमाभागात याला आणखी एक कंगोरा आहे. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगावची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची होती. मग ती धारवाडकडे गेली. २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ. निपाणीचं देवचंद कॉलेज तर अर्जुननगरला, म्हणजे गाव कर्नाटकात आणि कॉलेज कागल तालुक्यात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. आपल्या पोरांनी निरनिराळ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्या, त्यात आपलं काही बिघडलं नाही, कारण छापील पुस्तकाला सीमा नव्हती. मी स्वतः विद्यार्थी असताना ओळखीच्या प्राध्यापकांची चिठ्ठी घेऊन कोल्हापूरला आणि धारवाडला जाऊन बसलेला माणूस आहे. ग्रंथपाल चिठ्ठी बघायचे, वहीत सही घ्यायचे आणि खंड काढून टेबलावर ठेवायचे. तू कुठल्या राज्याचा, कुठल्या विद्यापीठाचा, हे कुणी विचारलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी पासवर्ड विचारतात, आणि पासवर्ड फक्त त्या संस्थेच्या नोंदीतल्या माणसाला मिळतो. सीमाप्रश्न न्यायालयात आहे. हा दुसरा सीमाप्रश्न कुठंच नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०१० पासून इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून छोट्या अनुदानित कॉलेजांनाही नाममात्र पैशात हजारो जर्नलं उघडली. त्याचा फायदा मी डोळ्यांनी बघितला. खेड्यातल्या कॉलेजची मुलगी ऑक्सफर्डचं जर्नल वाचत होती. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नलं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण योजना आहे ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी, आणि बेळगाव-निपाणी भागातली बहुतेक कॉलेजं लोकांनी वर्गण्या काढून उभी केलेल्या शिक्षणसंस्थांची आहेत. शिवाय कुणीही गृहिणी विचारील तो प्रश्न राहतोच. तीन वर्षं पैसे भरल्यावर घरात काय उरणार? ज्यांच्या संस्था योजनेत आहेत त्यांनी आपल्या ग्रंथपालांना हे आताच विचारावं. २०२८ च्या जानेवारीत विचारणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

मी जैन घरातला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आमच्याकडे ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात, ऊन दाखवतात, नवं वेष्टन घालतात. लहानपणी मला ते नुसतं साफसफाईचं काम वाटे. आमच्या बस्तीतले एक वयस्कर पंडित म्हणायचे, की वर्षातून एकदा तरी उघडलं नाही तर आत काय आहे आणि काय गेलं हे कळणार कसं?

दहाव्या शतकाच्या अखेरीला अत्तिमब्बे या बाईनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून वाटल्या, असं कन्नड परंपरा सांगते. लक्कुंडीला गेलात तर तिनं बांधलेलं जिनालय दिसेल. हजार प्रती हजार ठिकाणी गेल्या की एखादं भांडार जळलं, एखादं वाळवीनं खाल्लं, तरी ग्रंथ उरतो. गंमत अशी, की पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं इलेक्ट्रॉनिक जर्नलं जपण्याची 'लॉक्स' नावाची पद्धत काढली, तिच्या नावाचा विस्तार अगदी हाच आहे. पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित. प्रत्येक ग्रंथालयानं आपल्या यंत्रावर आपली प्रत ठेवायची, आणि यंत्रांनी आपापसांत ताडून बघायचं.

उलट उदाहरणही आमच्याच घरचं. षट्खंडागमावरची धवला टीका. शतकानुशतकं तिच्या ताडपत्री पोथ्या एकाच गावी, मूडबिद्रीला, कुलपात. बाहेर दर्शन मिळे, वाचन नाही. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांसारख्या मंडळींच्या खटपटीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नक्कल करायला परवानगी मिळाली, तीही प्रत बाहेर न नेण्याच्या अटीवर. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. ती सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी प्रती निघाल्या, आरा, कारंजा अशा पसरल्या. त्यांच्यावरून डॉ. हिरालाल जैनांनी १९३९ ते १९५९ मध्ये सोळा खंड छापले. त्या कामात त्यांना साह्य करणाऱ्यांत होते आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये. गजपती उपाध्यांनी अट मोडली हे खरं. आजचे तरुण संशोधक बंद लेख मिळवायला काय काय करतात तेही मला माहीत आहे, आणि त्यावर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावाही दाखल झाला. मी न्यायाधीश नाही. मूडबिद्रीच्या भट्टारकांना ग्रंथाची काळजी नव्हती असंही मी म्हणणार नाही. होती, म्हणूनच तर कुलूप होतं.

उपाध्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. यापनीय संघ हा जैनांचा एक लुप्त झालेला पंथ, आपल्या बेळगाव-धारवाड भागात एके काळी जोरात असलेला. त्यावर उपाध्यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारा तिशीच्या आतला प्राध्यापक. त्याला आधीच्या पन्नास वर्षांचे शिलालेखांचे आणि संशोधनाचे अंक हाताशी मिळाले, म्हणून तो लेख झाला. एखाद्या वर्षी कॉलेजनं वर्गणी भरली नाही म्हणून मागचे अंक कपाटातून उडून गेले असते तर सदलग्याच्या या मुलानं काय केलं असतं?

पुतणीच्या लेखाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मूळ लेखकांना पत्र पाठवून उपयोग नव्हता, चाळीस वर्षं उलटून गेलेली. प्रकाशकाच्या पानावर एका लेखाची किंमत डॉलरमध्ये होती, आणि तिला तसे तीसएक लेख लागणार होते. शेवटी पुण्यातल्या एका ग्रंथालयात बांधीव खंड निघाला. तिथल्या ग्रंथपालांनी पानांची झेरॉक्स पाठवली. समासात कुणा जुन्या वाचकानं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'हातमोजे कोण देणार?' पुतणीनं ते प्रबंधात घ्यायचं ठरवलं आहे, कुणी लिहिलं हे माहीत नसताना. तिच्या मार्गदर्शकांना ते पसंत नाही.

त्या पुण्याच्या ग्रंथालयाकडेही जागेची अडचण आहे, असं त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

मी पुन्हा त्या समितीवर नाही. पण तिथल्या नव्या ग्रंथपालांना मी दोन गोष्टी लिहून दिल्या. ज्या वर्षांचे पैसे आपण भरले, ती वर्षं करार संपल्यावरही वाचता येतील, असं वाक्य करारात आहे का, ते बघावं. नसेल तर नूतनीकरणाआधी मागावं. आणि आता एकही बांधीव खंड काढण्यापूर्वी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, धारवाड इथल्या ग्रंथालयांना फोन करून विचारावं, की दुसरी प्रत कुणाकडे आहे. नसेल तर तो खंड काढू नये, मग ओल येवो की जागा अडो. त्यांनी कागद घेतला. तपासणी झाल्यावर बघू म्हणाले. आपल्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. तिथं किंवा आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत अशा अनाथ खंडांसाठी दोन लोखंडी रॅक मिळतील का, हे मी अध्यक्षांना सकाळीच विचारलं आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

तोपर्यंत ते अकरा खंड माझ्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत आहेत. तीन खंडांच्या पुठ्ठ्यांना वाळवीची भोकं आहेत, आतली पानं शाबूत आहेत. दुपारी चारनंतर कुणीही यावं. रविवारी दवाखाना बंद असतो, पण घर वरच आहे.